हलका आवाज, हलकं वजन

महाराष्ट्रातल्या अनेकांची मेकॅनिकल कीबोर्डशी पहिली ओळख कानाने झालेली असते. बँकेच्या काउंटरपलीकडून, कोर्टाबाहेर दस्त टाइप करून देणाऱ्याच्या टेबलावरून किंवा लग्नपत्रिका लावणाऱ्या डीटीपीवाल्याच्या गाळ्यातून एक टकटकाट यायचा. तो बहुतेकदा टीव्हीएस गोल्डचा असे. जाडजूड, वायरवाला, वर्षानुवर्षं बडवला तरी कुरकुर न करणारा हा कीबोर्ड. त्याच्या पोटात जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच असायचे. ज्याने त्यावर हजारभर पानं टाइप केली आहेत, त्याला लॅपटॉपची सपाट बटणं नंतर बरीच वर्षं बेचव लागतात.

असा माणूस एक दिवस ठरवतो की हे बोटांचं सुख सोबत न्यायचं. सकाळी अभ्यासिकेत, दुपारी ऑफिसातल्या सामायिक टेबलावर, रात्री झोपलेल्या घरात. इथे दोन मागण्या एकदम पुढे येतात. आवाज नको आणि ओझं नको. दोन्ही वेगवेगळ्या सहज पुऱ्या होतात. एकत्र आल्या की भांडतात, कारण आवाज मारायला वस्तुमान लागतं, भरणा लागतो, जाडी लागते. आणि पिशवीत टाकायचा कीबोर्ड हलका, पातळ, पोकळ असावा लागतो. दुकानदार ‘सायलेंट’ आणि ‘पोर्टेबल’ हे दोन्ही शिक्के एकाच खोक्यावर मारतो. त्यातला कुठला किती खरा, हे मात्र आपल्यालाच तपासावं लागतं.

त्यासाठी आधी आवाज येतो कुठून हे बघू.

लॅपटॉपच्या किंवा साध्या स्वस्त कीबोर्डच्या बटणांखाली रबराची किंवा सिलिकॉनची टोपणं असतात. टोपण दबलं की खालच्या पातळ पापुद्र्यांवरचं सर्किट जुळतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र, स्वयंपूर्ण स्विच असतो. असा एक सुटा स्विच घेऊन नखाने किंवा बारीक पेचकसाने त्याच्या कडेच्या खिट्ट्या सोडवल्या, की वरचं झाकण निघतं. आत चार गोष्टी दिसतात: प्लास्टिकचा एक दांडा, त्याखाली स्प्रिंग, बाजूला धातूच्या पातळ पट्ट्यांची जोडी आणि हे सगळं धरून ठेवणारी खालची डबी. दांड्याला एका अंगाला दोन बारके पाय असतात. दांडा वर असतो तेव्हा हे पाय पट्टीला मागे रेटून धरतात. दांडा खाली गेला की पट्टी सुटते, समोरच्या पट्टीला भिडते आणि अक्षर उमटतं. बस्स. चेरीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एमएक्स नावाने ही रचना आणली. पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, काइल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तिच्या शेकडो आवृत्त्या काढल्या. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्विचांचं कूळ हेच.

चेरीच्या साध्या लाल स्विचमध्ये दांडा एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटतं, साधारण ४५ ग्रॅम दाबाला. म्हणजे उरलेला अर्धा प्रवास कामाच्या दृष्टीने फुकटचा. पण बोट काही मध्येच थांबत नाही. ते दांड्याला डबीच्या तळावर नेऊन आपटतं, आणि कीबोर्डचा बहुतेक आवाज या आपटण्यातून येतो. मग बोट उचललं की स्प्रिंग दांड्याला वर फेकते आणि तो झाकणाला आतून धडकतो. हा दुसरा आवाज; खालच्यापेक्षा बारीक, पण लक्ष देऊन ऐकलं तर स्पष्ट कळतो. तिसरा आवाज स्प्रिंगचा, तारेच्या झणकाऱ्यासारखा, दाबल्यावर क्षणभर रेंगाळणारा. चौथा आवाज खरा त्रासदायक. स्पेसबार, एंटर, शिफ्ट ही लांब बटणं कुठेही दाबली तरी सरळ खाली जावीत म्हणून त्यांच्याखाली एक वाकवलेली तार बसवलेली असते. तिला स्टॅबिलायझर म्हणतात. ही तार आपल्या खोबणीत सैल असली की खडखडते. बाकी कीबोर्ड कितीही सभ्य असो, दर शब्दानंतर स्पेसबार खडखडला की शेजारी मान वळवतो.

निळ्या स्विचची ती प्रसिद्ध ‘टिक्’ या चारांहून वेगळी. तिथे दांडा दोन तुकड्यांचा असतो, आणि ठरावीक खोलीवर एक सुटा तुकडा झटक्याने खाली सरकतो. तो आवाज अपघाताने येत नाही. मुद्दाम घातलेला आहे. अक्षर उमटल्याची पावती म्हणून. त्यामुळे निळा स्विच ‘थोडा शांत’ करता येत नाही, आणि प्रवासाच्या कीबोर्डसाठी तो पहिल्याच फेरीत बाद होतो.

आता एक गैरसमज. दुकानात कमी आवाजाचा कीबोर्ड मागितला की हमखास तपकिरी स्विचचा पुढे येतो. तपकिरी जातीत टिक् नसते. अर्ध्या वाटेवर बोटाला एक बारीक उंचवटा जाणवतो, इतकंच. लालमध्ये उंचवटाही नाही, दांडा वरपासून खालपर्यंत सरळ घसरतो. पण तळावरचं आपटणं, झाकणाची धडक, स्प्रिंग, तार हे सगळं तपकिरी आणि लाल दोघांत जसंच्या तसं आहे. निळ्याच्या शेजारी ठेवले तर दोघंही शांत वाटतात. अभ्यासिकेत नेले तर नाही.

खरा शांत स्विच म्हणजे ज्याच्या दांड्यालाच वर आणि खाली दोन्ही टोकांना मऊ रबराच्या किंवा सिलिकॉनच्या बारीक गाद्या बसवलेल्या असतात. खाली जाताना एक गादी तळाला टेकते, वर येताना दुसरी झाकणाला. चेरीच्या सायलेंट रेड स्विचमध्ये या गाद्यांमुळे प्रवास ४ ऐवजी ३.७ मिलिमीटर होतो. बटणांच्या टोप्यांखाली रबराच्या रिंगा घालण्याचा जुना स्वस्त उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने खाली जातानाचा ठोका मवाळ होतो, वर येतानाच्या धडकेला मात्र तो हातही लावत नाही. म्हणून तो उपाय अर्धाच. ज्याच्याकडे आधीच जुना कीबोर्ड आहे त्याने करून बघायला हरकत नाही. नवा घेणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

गाद्या आल्या की किंमतही मोजावी लागते, आणि ती पैशात नव्हे, स्पर्शात. मेकॅनिकलची सगळी गंमत त्या खणखणीत तळाला टेकण्यात असते. तिथे रबर आलं की बोटाला सादळलेला पापड मोडल्यासारखं वाटतं. हे सगळ्यांना सारखं खटकत नाही. उंचवटा नसलेल्या सायलेंट स्विचमध्ये ते जास्त जाणवतं, कारण दांडा सरळ जाऊन गादीत रुततो आणि अक्षर उमटल्याची दुसरी कुठलीच खूण बोटाला मिळत नाही. म्हणून लिहिण्याचं काम ज्यांचं जास्त आहे त्यांनी आधी उंचवट्याचे सायलेंट स्विच बघावेत असं माझं मत आहे. बोबा यू४ हा त्यातला नावाजलेला. त्याचा उंचवटा मोठा आणि अगदी सुरुवातीलाच लागतो, त्यामुळे गादीचा मऊपणा बोटाच्या लक्षात येईपर्यंत बोट पुढच्या अक्षरावर गेलेलं असतं. स्वस्तात आउटेमूचे सायलेंट लेमन हे उंचवट्याचे आणि सायलेंट पीच हे सरळ जातीचे. या कंपन्यांची रंगांची आणि फळांची नावं वाचून हसू येतं, पण खोक्यावरच्या ‘सायलेंट’ शब्दापेक्षा ती जास्त विश्वासाची. कीबोर्ड विकणाऱ्याने स्विचचं नाव लिहिलेलंच नसेल, तर ‘सायलेंट’चा अर्थ बहुधा ‘निळा नाही’ एवढाच असतो.

शांततेसाठी स्पर्शाचा असा सौदा माणसाने आधीही केला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वेलिंग्टन पार्कर किडर या संशोधकाने आवाज न करणारा टाइपरायटर बनवायचं मनावर घेतलं. साध्या टाइपरायटरचा खिळा कागदावर जोराने आपटतो; किडरच्या यंत्रात तो कागदाजवळ नेऊन दाबला जात असे. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनला या यंत्रासाठी निघालेल्या कंपनीचं नावच नॉइजलेस टाइपरायटर कंपनी होतं. १९२४ साली ती रेमिंग्टनमध्ये विलीन झाली, आणि पुढे रेमिंग्टनने नॉइजलेसची सुटकेसमध्ये मावणारी पोर्टेबल आवृत्तीही काढली. तिकडे वजनाच्या बाजूने १९१२ सालीच कोरोना ३ हा टाइपरायटर आला होता. त्याचा कागदाचा रूळ पुढे बटणांवर दुमडून यंत्र छोट्या पेटीत बंद करता येई; वजन तीन किलोंच्या आतबाहेर. म्हणजे शांत आणि सुटसुटीत या दोन इच्छा लिहिण्याच्या यंत्रांइतक्याच जुन्या आहेत.

वजनाचा प्रश्न कीबोर्डच्या सांगाड्यात येतो. स्विचमधून निघालेला ठोका आधी स्विच धरून ठेवणाऱ्या पट्टीत जातो, तिथून सर्किटच्या पाटीत, मग सांगाड्यात आणि शेवटी टेबलात. सांगाडा जड, घट्ट आणि आतून भरलेला असेल तर ठोका वाटेतच जिरतो. पोकळ प्लास्टिकचा असेल तर तो मोठा होऊन बाहेर पडतो. हौशी लोक म्हणूनच अॅल्युमिनियमच्या घन सांगाड्याचे कीबोर्ड घेतात. त्यांचा आवाज खरंच खोल आणि गोळीबंद असतो. पण तसा एखादा ६५ किंवा ७५ टक्क्यांचा बोर्ड (ही टक्केवारी आकाराची, तिचा खुलासा पुढे येतो) दीड किलोच्या पुढे जातो. तेरा इंची मॅकबुक एअरचं वजन सव्वा किलो आहे. कॉम्प्युटरपेक्षा जड कीबोर्ड पाठीवर वागवायचा असेल तर वागवावा, पण त्याला पोर्टेबल म्हणू नये.

प्लास्टिकच्या ६० ते ६५ टक्क्यांच्या बोर्डाचं वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो असतं, आणि प्रवासासाठी पल्ला हाच. मग वस्तुमानाची उणीव भरण्याने भरून काढायची. पट्टी आणि पाटी यांच्यामध्ये फोमचा थर, तळात सिलिकॉनची चादर. हल्ली मध्यम किमतीच्या बोर्डांतही हे कारखान्यातूनच येतं, आणि खरेदीच्या वेळी बघायची ही पहिली गोष्ट. ज्यात नाही त्याचा तळ उघडून पातळ फोम कापून घालणं अवघड नाही. यासाठी हौशी मंडळी पाटीच्या पाठीमागे रंगकामाची चिकटपट्टीसुद्धा लावतात. त्याने आवाजाचा पोत बदलतो, पण शेजाऱ्याच्या कानाला फारसा फरक पडत नाही. इंटरनेटवर ‘कीबोर्ड छान वाजतो’ आणि ‘कीबोर्ड वाजत नाही’ या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. आपल्याला दुसरी हवी आहे.

फोमपेक्षाही स्वस्त आणि जास्त उपयोगी उपाय कीबोर्डच्या बाहेर आहे. खालचं टेबल. हॉस्टेलचं प्लायवूडचं टेबल किंवा पोकळ खणाचं डेस्क हे स्वतःच एक वाद्य असतं. वर काहीही ठेवून ठोकलं की वाजतं. चार-पाच मिलिमीटर जाड कापडी किंवा फेल्टचा तुकडा खाली घातला की सगळ्या आवाजाचा खालचा भाग कापला जातो. गुंडाळून पिशवीत टाकता येतो, हाच कीबोर्डला गुंडाळायलाही चालतो. कुठल्याही बोर्डवर हजार रुपये जादा घालण्याआधी हा तुकडा घालून ऐकावं.

आता आकार. पूर्ण कीबोर्ड १०४ बटणांचा. नंबरपॅड काढला की ८७. त्यातून मधल्या रिकाम्या जागा काढून सगळं दाटीने बसवलं की ७५ टक्क्यांचा, चौऱ्याऐंशीच्या आसपास बटणं. वरची एफ-ओळ काढली की ६५ टक्के, बाणांची बटणं मात्र शाबूत. बाणही काढले की ६० टक्के, ६१ बटणं. आकड्यांची ओळही काढली की चाळीस टक्के. तो खेळ हौशी लोकांचा.

लांबी किती भरेल याचा हिशोब सोपा आहे, कारण एका बटणाच्या मध्यापासून पुढच्या बटणाच्या मध्यापर्यंतचं अंतर जवळपास सगळीकडे सारखं, १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. ६० टक्क्यांचा बोर्ड १५ बटणं रुंद, म्हणजे २८६ मिलिमीटर. ६५ आणि ७५ टक्क्यांचे नेमाने १६ बटणं रुंद, म्हणजे ३०५. पूर्ण कीबोर्ड साडेबावीस बटणांचा, ४२९. त्यावर दोन्ही बाजूंची चौकट धरायची. चौदा इंची लॅपटॉपची पिशवी साधारण ३२ सेंटिमीटर रुंदीच्या यंत्रासाठी शिवलेली असते. तिच्यात ६० आणि ६५ सहज जातात, ७५ही जातो; ८७ बटणांचा तिरका घालावा लागतो आणि चेन लागत नाही.

फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याचा विचार इथे संपतो. मराठी टाइप करणाऱ्याचा इथे सुरू होतो. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवणाऱ्यांना काही अडचण नाही. त्यांना सव्वीस अक्षरं पुरतात आणि कुठलाही बोर्ड चालतो. पण इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरी अक्षरं थेट बटणांवर असलेल्या मांडणीवर, लिहिणाऱ्याला इंग्रजीवाल्याने बिनकामाची ठरवलेली कडेची बटणं रोज लागतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘ड’ आणि ‘ढ’ चौकटी कंसाच्या बटणावर आहेत. ‘ञ’ त्याच्या शेजारच्या बटणावर शिफ्टसह. ‘ॉ’ आणि ‘ऑ’ उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर. ‘ृ’ आणि ‘ऋ’ बरोबर चिन्हाच्या बटणावर, विसर्ग त्याच्या अलीकडे, आणि ‘ॅ’ आकड्यांच्या ओळीत दोनच्या बटणावर शिफ्ट धरून. चाळीस टक्क्यांच्या बोर्डवर ही सगळी बटणं एकतर नसतात किंवा दुसऱ्या एखाद्या बटणाच्या पोटात लपलेली असतात. ‘डॉक्टर’ लिहायला घेतलं तर पहिल्याच अक्षराला दोन कसरती. ‘कृपा’, ‘दुःख’, ‘बॅग’ यांचीही तीच गत. इनस्क्रिप्टवाल्याने आकड्यांची ओळ नसलेला बोर्ड कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

६० टक्क्यांत आकड्यांची ओळ असते, कंस असतात, सगळं असतं. डाव्या कोपऱ्यातलं उलट्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचं बटण तेवढं एस्केपला दिलेलं असतं. इनस्क्रिप्टमध्ये त्यावर ऱ्हस्व ‘ओ’ची मात्रा आहे आणि ती मराठीला लागत नाही. म्हणजे अक्षरांपुरता ६० टक्क्यांचा बोर्ड मराठीला पुरतो. गोची बाणांची. काही छोट्या बोर्डांत बाण उजव्या कोपऱ्यातल्या बटणांवर लादलेले असतात, आणि वरचा बाण तिरप्या रेघेच्या बटणावर येतो. इनस्क्रिप्टमध्ये तिथे ‘य’ आहे. बाणांची अवस्था चालू राहिली असेल आणि तुम्ही ‘आहे काय’ लिहायला गेलात, तर ‘य’ उमटण्याऐवजी कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो. घेण्याआधी त्या कोपऱ्याचा फोटो मोठा करून बघावा: तिरप्या रेघेचं बटण तिथे स्वतंत्र आहे ना, आणि उजवीकडचं ऑल्ट आहे ना. विंडोजवर इंग्रजी इंडिया मांडणीत ₹ चिन्ह उजवा ऑल्ट आणि चार दाबून येतं, आणि जागा वाचवायला निघालेला कारखानदार सगळ्यात आधी त्या ऑल्टवर कात्री चालवतो.

या सगळ्यातून माझा कौल ६५ टक्क्यांकडे जातो. लिहिणाऱ्याला खोडाखोड करावी लागते आणि खोडाखोडीला बाण लागतात. दोन-तीन सेंटिमीटर लांबीत ते मिळत असतील तर तो सौदा स्वस्त आहे. ज्याला एक्सेलमध्ये एफ२ सारखा दाबावा लागतो त्याने ७५ घ्यावा. देवनागरी अक्षरं छापलेला छोटा मेकॅनिकल बोर्ड बाजारात शोधत बसू नये; पारदर्शक स्टिकर लावावेत, नाहीतर बोटांना शिकवावं.

एका माणसाने मात्र ६० बटणांवर आयुष्य काढता येतं हे दाखवून दिलं. तोक्यो विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक एइइती वादा यांना दर नव्या कॉम्प्युटरबरोबर बटणांची नवी मांडणी गळ्यात पडते याचा वैताग होता. कॉम्प्युटर बदलत राहील, कीबोर्ड आपला स्वतःचा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या कल्पनेवरून पीएफयू या जपानी कंपनीने १९९६ साली हॅपी हॅकिंग कीबोर्ड काढला. नेमका ६० बटणांचा, बाणांशिवाय. पुढे त्यात टोप्रे जातीचे स्विच आले. टोप्रेमध्ये रबराचं टोपण आणि शंकूच्या आकाराची स्प्रिंग एकत्र असते. धातूच्या पट्ट्या भिडत नाहीत, स्प्रिंग दबल्याने बदलणारी विद्युतधारिता मोजली जाते. कर्मठ लोक त्याला मेकॅनिकल मानायला तयार नसतात. त्याची टाइप-एस ही शांत आवृत्ती मात्र या प्रकरणातल्या दोन्ही मागण्यांवर फार थोड्यांना जमलं तितकं खरं उतरते: वजन अर्ध्या किलोच्या जरासं वर, आवाज पावसाच्या पहिल्या थेंबांइतका नव्हे तरी शेजारी तक्रार न करण्याइतका. भारतात तिची किंमत चांगल्या मोबाइलशी स्पर्धा करते. ज्याचं पोट टाइपिंगवर आहे त्याने विचार करावा. बाकीच्यांनी आदराने पुढे सरकावं.

या जपानी बोर्डचे चाहते तो लॅपटॉपच्या बटणांवरच ठेवून वापरतात. आगगाडीच्या किंवा विमानाच्या ट्रेवर दुसरा मार्गही नाही, कारण तिथे लॅपटॉपपुढे कीबोर्डला जागा उरत नाही. यात दोन अडचणी येतात. वरच्या बोर्डचे पाय खालची बटणं दाबतात, म्हणून पाय बटणांच्या मधल्या फटींत बसणारे हवेत. नुफायसारख्या कंपन्या पातळ बोर्डांना तसे सुटे पाय देतात. दुसरं, लॅपटॉपचा माइक बहुधा बटणांच्याच आसपास असतो. ऑनलाइन मीटिंगमध्ये समोरच्याला तुमचा प्रत्येक ठोका तुमच्या आवाजापेक्षा जवळून ऐकू जातो. खोलीत शांत वाटणारा बोर्ड तिथे उघडा पडतो. इयरफोनचा माइक वापरला की ही तक्रार मिटते.

पातळ, म्हणजे लो-प्रोफाइल बोर्डांबद्दल माझं मत थोडं साशंक आहे. जाडी निम्म्यावर येते, मनगट उचलून धरावं लागत नाही, वजन उतरतं. कीक्रॉन के३ सारखा ७५ टक्क्यांचा बोर्ड लॅपटॉपच्या खणात वहीसारखा सरकतो. पण दांड्याचा प्रवास ३ मिलिमीटरच्या आसपास येतो, गाद्यांना जागा उरत नाही, सांगाड्यात फोमला जागा उरत नाही, आणि या जातीत खऱ्या सायलेंट स्विचचे पर्याय अजून मोजकेच आहेत. उंच स्विचमध्ये पसंत पडलेला सायलेंट त्यात बसत नाही, टोप्याही बऱ्याचदा बसत नाहीत, आणि ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने दाब ओळखणाऱ्या, जातीचा बोर्ड असेल तर साधे स्विच त्याच्या खोबणीत मुळीच चालत नाहीत. रोज मैलभर चालून ऑफिस गाठणाऱ्याने पातळ घ्यावा. आवाजावरून ज्याचं घरात वाजतं, त्याने उंच घ्यावा.

वायरलेसचं फार कौतुक करू नये. ब्लूटूथवर लॅपटॉप, टॅबलेट आणि फोन तिन्ही एकाच बोर्डला जोडता येतात हे सोयीचं. पण बोर्डला खरं, सरकणारं बंद-चालूचं बटण आहे का ते बघावं. नसेल तर पिशवीत वह्यांखाली बटणं दबतात, झोपलेला लॅपटॉप जागा होतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत दोघांची बॅटरी संपते. रंगीत दिवे बंद ठेवावेत; बॅटरी खाण्याचं बहुतेक काम तेच करतात. २००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी ३.७ व्होल्टला ७.४ वॉट-तास भरते, विमानात चालणाऱ्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेच्या खूप आत. तरी बोर्ड केबिनच्या सामानातच ठेवावा, आणि पूर्ण बंद करून. यूएसबी-सीची एक वायर सोबत असली की बाकी चिंता नाही.

शेवटी एक काम खरेदीनंतरचं. बोर्ड हॉट-स्वॅप जातीचा, म्हणजे स्विच डाग न देता उपटून बदलता येतील असा घेतला असेल तर पैसे वाया जाण्याची भीती जाते. स्विच सुटे विकत मिळतात. सगळे एकदम बदलायची घाई न करता आधी दहाच आणावेत, मधल्या ओळीत बसवून आठवडाभर लिहून बघावं. स्विच उपटताना सरळ वर ओढावा आणि बसवताना त्याच्या दोन्ही पिना खालच्या छिद्रांसमोर सरळ आहेत हे बघून दाबावा. तिरका दाबला की पिन दुमडते आणि बटण मुकं होतं. स्टॅबिलायझरच्या तारेच्या दोन्ही टोकांना घट्ट ग्रीसचा एकेक थेंब लावला की स्पेसबारची खडखड बहुतांशी जाते, आणि हे काम कारखाने अजूनही अर्धवट करून पाठवतात. त्या स्पेसबारखाली बाकीच्यांपेक्षा जरा जड स्प्रिंगचा सायलेंट स्विच घालावा. अंगठा इतर बोटांपेक्षा जोरात आपटतो, आणि हलक्या स्प्रिंगने त्याला अडवणं होत नाही.